शेवटचं दार

नाशिकच्या एका गेम कंपनीचे मालक पद्माकर दंडवते यांनी ‘भुयार’ हा मोबाइलवरचा खेळ स्वतः बनवला होता, आणि ते ही गोष्ट कुणाला विसरू देत नसत. त्याचा दुसरा भाग शाल्मली खरोटेच्या टीमने बनवून बाजारात आणला. आठवड्याने दंडवत्यांनी सगळ्यांना बोलावून निकाल लावून टाकला.

"माझ्या भुयाराबद्दल आजवर एक तक्रार नाही. तुमच्याबद्दल मात्र तक्रारींचा नुसता पाऊस. शेवटचं दार फार अवघड आहे म्हणे. खेळ पडला. टीम आजपासून बंद."

शाल्मलीचे सहकारी माना खाली घालून बसले. ती मात्र उठून पुढे आली. तिने मोबाइलवर जुन्या ‘भुयार’चं शेवटचं दार काढलं आणि फोन दंडवत्यांपुढे धरला.

"सर, एवढं उघडून दाखवा. मग मी स्वतःच माझं टेबल आवरते."

दंडवत्यांनी खेळातली किल्ली लावली. पुन्हा लावली. फोन हलवूनही पाहिला. दार ढिम्म.

"ते उघडतच नाही, सर. पहिल्या दिवसापासून बिघडलेलं आहे," शाल्मली शांतपणे म्हणाली. "तक्रार आली नाही, कारण तिथवर कुणी खेळलंच नाही. आमच्या दारावर मात्र लोक आठवडाभर धडका देतायत."

दंडवत्यांनी घसा खाकरला. "बरं, टीम राहू दे. पण आधी हे जुनं दार दुरुस्त करा."

"करू की," शाल्मली म्हणाली. "पण घाई नाही, सर. तिथं कुणी ताटकळत उभं नाही."