अध्यक्षांपुढची बाटली

चौकातल्या वार्ताफलकावर गजराबाईनं खडूनं लिहिलं, "वसतिगृहाच्या टाकीचं पाणी पिऊन दोन पोरी मेल्या. पाणी सडलंय हे अध्यक्षांना ठाऊक होतं."

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब चवताळले. त्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. लिहिलेलं खरं ठरलं नाही तर गजराबाईला तुरुंग, आणि फलक कायमचा उखडणार.

भाऊसाहेबांची अब्रू केवढी मोठी हे दाखवायला त्यांच्या वकिलानं वसतिगृहातल्या झेंडावंदनाचा फोटो कोर्टात दिला. फेटा, हार, मागं पोरींची गर्दी.

"माफी माग बाई, सोडून देतो," साक्षीच्या पिंजऱ्यातून भाऊसाहेब म्हणाले.

"मागते की. आधी शपथेवर सांगा, त्या टाकीचं पाणी कसं आहे?"

"अमृत! मी गेलो की तेच पितो. विचार पोरींना."

"दोघींना आता कसं विचारू?" गजराबाईनं फोटो न्यायाधीशांपुढं धरला. "साहेब, मागं नळाखाली ओंजळ धरलेली ही मंजुळा. या फोटोनंतर आठवड्यात गेली. आणि यांच्यापुढं टेबलावर बघा, सीलबंद बाटली. दारात अमृत असताना माणूस विकतचं पाणी कशाला आणतो?"

भाऊसाहेबांनी वकिलाकडं पाहिलं. वकील फोटोतल्या पोरीकडंच बघत राहिला.

न्यायाधीशांनी खटला फेटाळला. गजराबाई तडक चौकात आली. तिनं ओल्या फडक्यानं फलक पुसला आणि मोठ्या अक्षरांत दोनच नावं लिहिली, मंजुळा आणि यमुना. आपण जिंकल्याची बातमी लिहायला तिनं जागाच ठेवली नाही.