यादीतलं एक्केचाळिसावं नाव

केतकी ओगले गुडघेदुखीचं तेल विकणाऱ्या एका कंपनीत अकाउंट मॅनेजर होती. इंटरनेटवर तेलाची जाहिरात करून गिऱ्हाइकं पाठवणारे भागीदार सांभाळायचे आणि त्यांनी पाठवलेली माणसं खरी आहेत का ते तपासायचं, हे तिचं काम.

सगळ्यांत मोठा भागीदार यशोधन सबनीस. त्याच्यावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. एकदा त्याने पाठवलेल्या गिऱ्हाइकांची यादी तपासताना केतकी एक्केचाळिसाव्या नावावर थबकली. जनार्दन ओगले, सातारा. तिचे वडील. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

नंबरही त्यांचाच, केव्हाच बंद केलेला. तिने तो लावून पाहिला. फोन उचलला गेला, पण पलीकडे कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये केतकीच्या साहेबांसमोर सबनीस गरजला, "यादीतल्या प्रत्येक माणसाशी मी स्वतः बोललोय! कालच्या पोरींनी मला शिकवू नये."

"एक्केचाळीस नंबरशीही?" केतकीने विचारलं.

"हो, परवाच. चांगला अर्धा तास!"

"बरं झालं. ते माझे बाबा. चार वर्षांपूर्वी वारले आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते सांगायचं राहून गेलं. पुन्हा बोलाल तेव्हा तेवढं विचारून ठेवा."

सबनीसचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी तिथल्या तिथे त्याचं खातं बंद केलं.

आठवड्याने त्याचा मेल आला, "किल्ली शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या डब्यात आहे."

केतकीने घरी जाऊन डबा उघडला. किल्ली तिथेच होती.

मेलमध्ये खाली आणखी एक ओळ होती, "तुमच्या बाबांना सांगा, मला रोज फोन करू नका म्हणावं."