शेवटची सोळा पाने

घाटाखालच्या एका बाजारगावी एकदा एक वृद्ध ग्रंथपाल होते. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. उत्तरा नावाची त्यांची शिष्या बारा वर्षे त्यांच्या हाताखाली होती. पुस्तके शिवणे, नोंदी ठेवणे, वाचकाची आवड ओळखणे, सारे तिला येई. एक गोष्ट मात्र जमत नसे. आतल्या कपाटात एक जुनी कादंबरी होती. पाने तांबूस पडलेली, छापखानाही केव्हाच बंद झालेला. उत्तरा ती दर वर्षी वाची. पण कोणी मागितली, की "बांधणीला गेली आहे," असे सांगून मोकळी होई.

एके दुपारी लाकडाच्या वखारीचा मालक वाचनालयात आला. त्याला पाहताच दोन वाचक पुस्तके तशीच टाकून मागच्या दाराने निघून गेले. या व्यापाऱ्याच्या रागाची गावाला दहशत होती. पोटच्या मुलाला त्याने चार वर्षांपूर्वी भर बाजारात घालवून दिले होते, आणि तो मुलगा पुन्हा गावात दिसला नव्हता.

"झोप लागत नाही," व्यापारी म्हणाला. "वाचायला काहीतरी द्या. जुने असले तरी चालेल."

"उत्तरा, ती आतली कादंबरी आण," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, ती..."

"बांधणीला गेलेली नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले आणि तिच्यामागोमाग आत आले. कपाट उघडून त्यांनी कादंबरी काढली, चाकूच्या टोकाने शिवणीचा दोरा उसवला आणि शेवटची सोळा पाने अलगद वेगळी केली.

उत्तरा थिजून पाहत राहिली. "त्याला कळले तर? आग लावील तो वाचनालयाला!"

"हे नेऊन दे त्याला."

तिने दिले. पुस्तक घेताना व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिलेही नाही.

पुढचे नऊ दिवस उत्तरा दाराकडे कान लावून होती. फाटक करकरले, की ती कपाटाआड होई. रस्त्यावर वखारीची गाडी दिसली, की वाट बदलून जाई. पण या भीतीच्या तळाशी आणखी एक भीती होती, आणि ती अधिक गार होती. तो शेवटापर्यंत पोहोचलाच नाही तर? दहा पानांत कंटाळून, "हे काय रडगाणे!" म्हणून हसला तर? यांपैकी कशाला आपण जास्त भितो, हे तिला स्वतःलाच सांगता येईना.

दहाव्या दिवशी व्यापारी आला. पुस्तक मेजावर आपटून ओरडला, "शेवट कुठे आहे?"

"शेवट हिला मुखोद्गत आहे," गुरुजी म्हणाले. "बसा. ही सांगेल."

पळावे तर दाराच्या वाटेतच तो बसलेला. अडखळत उत्तराने सांगायला सुरुवात केली. कथा एका आईची होती. तिचा मुलगा गलबतावर गेलेला, आणि ती रोज त्याचे ताट वाढून वाट पाहणारी. बोलता बोलता उत्तराचा आवाज हळूहळू स्थिरावला. शेवटची वाक्ये तिने जशीच्या तशी म्हटली: "त्या दिवशी तिने ताट वाढले नाही. धुतले, पुसले आणि फळीवर पालथे घातले. मग दार लोटून ती विहिरीवर गेली."

व्यापाऱ्याने मेजावरचे पुस्तक पुढे ओढले. उत्तराला राहवेना. चाचरत ती म्हणाली, "म्हणजे... तिने आशा सोडली."

"चूक!" तो गरजला. उत्तरा भिंतीला टेकली. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "बाई, ताट पालथे घालतात ते धूळ बसू नये म्हणून. नको असलेले ताट माणूस मोडीत देतो. माझ्या घरी फळीवर आहे एक, पालथे. चार वर्षे झाली. मी कोणाला हात लावू देत नाही त्याला."

बारा वेळा वाचूनही उत्तराला हे कधी दिसले नव्हते.

गुरुजींनी मेजाच्या खणातून ती सोळा पाने काढून पुस्तकासह व्यापाऱ्याच्या हाती दिली. "स्वतः वाचून बघतो," तो उठत म्हणाला. "माझे चुकत असेल, तर तसे सांगायला येईन."

तो गेल्यावर उत्तराने विचारले, "गुरुजी, असे का केलेत?"

"पूर्ण पुस्तक दिले असते, तर गड्याच्या हाती परत आले असते," गुरुजी म्हणाले. "पुस्तक आले असते, माणूस आला नसता. आणि तुझे सांगायचे, तर पाने फाटतील या भीतीने तू ती लपवत नव्हतीस. जिवापाड आवडलेली गोष्ट दुसऱ्यापुढे ठेवणे म्हणजे आपली नाडी परक्याच्या हाती देणे. तो हसला तर आपल्यालाच हसला, असे वाटते. ही भीती खोटी नव्हे, पोरी. पण पुस्तक राखत बसलीस, तर ती कथा तुला एकटीला जेवढी कळली तेवढीच राहील."

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या शिक्षिकेने दबकत विचारले, "ती जुनी कादंबरी आली का हो बांधणीहून?" 'नाही अजून' हे शब्द उत्तराच्या ओठांवर आले, पण तिने ते गिळले. "एकजण वाचत आहेत," ती म्हणाली, "त्यांच्यानंतर तुम्हाला देते. आणि वाचून झाली, की ताटाचे काय वाटले, ते मला सांगायला या."

आवडते पुस्तक हाती देताना ज्याची बोटे थरथरत नाहीत, त्याने ते बहुधा वाचलेले नसते.