जमादारची घटका

आश्विन वद्य पंचमी, दिवसाची चोविसावी घटका. निंबखेड संस्थान, राजवाड्याची मागची बाजू. जमादार नावाचा तांबडा शिकारी कुत्रा भुंकला, त्याच्यामागून बाकीचे अकरा भुंकले आणि सर्जेराव महाराजांची दुपारची झोप मोडली.

संस्थानात घटकेघटकेला टोल पडे. महाराजांची झोप पंचविसाव्या टोलाला संपायची. त्याच टोलाला कुत्र्यांना भाकरी मिळायची. म्हणजे कुत्री एक घटका आधी भुंकली होती. हे सलग अकरा दिवस चाललं होतं.

कुत्री सांभाळायला ठकू होती. धनगराची विधवा, कुत्र्यांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोपटात राहायची. तिला बोलावणं आलं.

महाराजांचं म्हणणं असं की, कुत्र्याला वेळ कळत नाही, भाकरी दिसली की कळते. तेव्हा ठकू भाकरी आधीच दाखवत असणार. ठकू म्हणाली, भाकरी टोलानंतरच थापते. जमादारला वेळ कळते.

"कळते?" महाराज म्हणाले. "मग संस्थानची वेळ कळू दे. पाच दिवस देतो. त्यानंतर टोलाआधी एक जरी भुंकला, तर बाराही रानात सोडू आणि तूही खोपटं रिकामं कर."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. कुत्र्याला टोलाबरहुकूम भुंकायला कसं शिकवायचं, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, कोणी विचारलंही नाही. माना डोलावण्यासाठीच त्यांना ठेवलेलं होतं.

ठकूने पहिल्या दिवशी जमादारला अंधाऱ्या खोलीत कोंडलं. तो रोजच्याच वेळी भुंकला. दुसऱ्या दिवशी त्याला नदीपलीकडे नेऊन बांधलं, जिथे ना भाकरीचा वास, ना चुलीचा धूर. तरी तेव्हाच भुंकला. तिसऱ्या दिवशी ती जात्यावर बसली. तो भुंकल्यापासून टोल पडेपर्यंत अडीच शेर ज्वारी दळून झाली. चौथ्या दिवशीही अडीच शेरच झाली, म्हणजे फरक रोज तेवढाच.

मग ती घटिकाशाळेत गेली. तिथे विसोबा नावाचा कामदार पाण्याने भरलेल्या घंगाळापुढे बसे. घंगाळात तांब्याचं एक लहान पात्र तरंगत असे, त्याच्या बुडाला सुईएवढं छिद्र. सूर्योदयाला पात्र पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटका झाली. टोल द्यायचा, पात्र पुन्हा सोडायचं. अख्खं संस्थान त्या टोलावर उठे, जेवे आणि झोपे.

"विसोबाकाका, पात्र हळू तर बुडत नाही ना?"

विसोबाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खंडेनवमीला याची पूजा केलीय मी. तेलात कालवून शेंदूर लावलाय, चांगला जाड. तुझ्या कुत्र्याची पूजा केली होतीस का?"

ठकू तिथून थेट मुदपाकखान्यात गेली, आचाऱ्याशी चार शब्द बोलली आणि निरोप पाठवला, की उद्याची सुनावणी महाराजांच्या जेवणाआधी व्हावी.

पाचव्या दिवशी दरबार भरला. दुपारचं जेवण पंधराव्या टोलाला. ठकूने जमादारच्या आजीपासून सुरुवात केली. ती कुठल्या वाडीवरची, तिला पिल्लं किती, त्यातलं कुठलं लंगडं. महाराजांनी ऐकून घेतलं. मग ती जमादारच्या बापावर आली. महाराज चुळबुळ करू लागले. बापाच्या शेपटीपर्यंत कथा आली तेव्हा ते मुदपाकखान्याच्या दाराकडे पाहत होते.

"पुरे," ते म्हणाले. "ताट वाढा."

आचारी हात जोडून उभा राहिला. म्हणाला, सरकार, टोल पडला नाही.

"नसेल पडला. वेळ झाली आहे."

"कशावरून, महाराज?" ठकूने विचारलं.

"कशावरून म्हणजे? आम्हाला कळतं!"

"जमादारचंही हेच म्हणणं आहे."

दिवाणांनी डोळे मिटून घेतले.

"आमची कुत्र्याशी बरोबरी करतेस?"

"नाही, महाराज. टोल खरा असेल, तर जमादार खोटा आणि आज महाराजांचंही चुकलं. महाराजांचं बरोबर असेल, तर जमादारचंही बरोबर. मी अडाणी बाई. निवाडा आपण करा."

महाराजांनी आयुष्यात कधी आपलं चुकलं असं म्हटलेलं नव्हतं. आजही म्हणाले नाहीत. त्यांनी पात्र मागवलं.

विसोबा ओलं पात्र घेऊन आला. ठकूने ते उजेडासमोर धरलं. छिद्रातून यायला हवा तेवढा उजेड येत नव्हता. तिने केरसुणीचा हीर मोडून छिद्रात घातला आणि फिरवला. वाळून टणक झालेला शेंदूर खपली खपलीने महाराजांच्या गालिच्यावर पडला.

"शेंदूर देवाचा," विसोबा म्हणाला. "तो पुसायचा कसा?"

महाराज आधी खाकरले, मग हसले, मग इतके हसले की पगडी सावरायला दोन माणसं लागली. "म्हणजे खंडेनवमीपासून संस्थानात दोघांनाच वेळ कळत होती! आम्हाला आणि जमादारला!"

खोपटाच्या जागी ठकूला दोन खणांचं घर मिळालं, तिच्या नावाच्या सनदेसकट. जमादारची नेमणूक घटिकाशाळेवर झाली. विसोबाने रोज टोल द्यावा आणि जमादारने तो ऐकून घ्यावा, असा हुकूम निघाला. त्यानंतर ताट वाढलं गेलं. टोल तोवर पडलाच नव्हता, कारण पात्र गालिच्यावर होतं.

हुकूम लिहून घेताना कारकुनाने घटिकाशाळेची तपासणीवही उघडली. रोज सूर्योदयाला छिद्र पाहून त्या वहीत सही करण्याचं काम राजज्योतिषी अंबादासपंतांचं. खंडेनवमीपासून त्या दिवसापर्यंत एकही सकाळ चुकलेली नाही. 'छिद्र मोकळे, पात्र ठीक' आणि खाली अंबादासपंतांची वळणदार सही.

अंबादासपंत गेल्या फाल्गुनात वारले.