पेलागियाचं ताट

पोलंडच्या पूर्वेला एक नदी आहे. वाहता वाहता तिला आळस येतो आणि ती रानभर पसरते. तिथे कोसच्या कोस नुसती दलदल. त्या दलदलीच्या काठाला ओल्शिन्का नावाचं चाळीस उंबऱ्यांचं गाव. आपल्या पणजोबांच्या वेळी त्या गावात पेलागिया नावाची विधवा राहायची. झाडपाल्याचं औषध द्यायची. मुळं खणायला ती दलदलीत खोलवर जायची, आणि तिच्या पायांखाली चिखलही घट्ट व्हायचा, असं म्हणतात.

मग दुसरं महायुद्ध आलं. एके सकाळी शत्रूचे सैनिक गाव जाळायला निघाले. पेलागियाने घराघरांतून माणसं बाहेर काढली. "माझ्या पावलावर पाऊल ठेवा," ती म्हणाली, "आणि मागे बघू नका." सारं गाव तिच्या मागून दलदलीतल्या बेटावर गेलं. अकरा दिवस तिने त्यांना कंदमुळांवर जगवलं. बगळे तिला मासे आणून देत, असं म्हणतात.

बाराव्या दिवशी शत्रूचा एक सैनिक चिखलात गळ्यापर्यंत रुतलेला दिसला. आईला हाका मारत होता. गिरणीवाला व्हिन्सेंती म्हणाला, "जाऊ दे त्याला खाली." पेलागियाला त्या हाका ऐकवेनात. तिने काठी पुढे केली, त्याला ओढून काढलं आणि पल्याडची वाट दाखवली.

गाव परतलं तेव्हा घरांच्या जागी राख होती. रडून झालं, मग कुणीतरी दोषी हवं होतं.

"सैनिकांना हिनेच आणलं," व्हिन्सेंती म्हणाला. "नाहीतर त्याला वाचवलं कशाला?"

तिच्या हातचं खाऊन जगलेलं एकही तोंड उघडलं नाही. एक गोठा तेवढा उभा होता. त्यात सगळे शिरले, तिला जागा झाली नाही. बाहेर बर्फ पडायला लागला होता. कुणीतरी सरकेल म्हणून ती थोडा वेळ दारात थांबली. मग वळली आणि दलदलीत चालती झाली.

त्या हिवाळ्यात सगळी दलदल गोठली, पण तिची पावलं जिथे पडली तिथलं पाणी गोठलं नाही, असं म्हणतात. बर्फ वितळल्यावर काहीजण तिला शोधायला गेले, तर बेटाची वाटच सापडेना.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलंडमध्ये घरोघर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. ओल्शिन्कात त्याला पेलागियाचं ताट म्हणतात. त्यात बीटचं गरम सार वाढतात. गावातली सर्वांत म्हातारी बाई लुद्विना त्या गोठ्यात आईच्या मांडीवर होती. ती दरवर्षी म्हणते, "वाढा, भरपूर वाढा. आता ती थोडीच खायला येणार आहे!"