शिंग कुणाला ऐकू गेलं?

फार पूर्वी, दोन राजांची लढाई जुंपली होती तेव्हाची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी विणकरांचं एक गाव होतं. राजाच्या फौजेला तंबूचं कापड हवं होतं, म्हणून घरोघरचे माग दिवसभर खटाखट चालत. मोठी माणसं कामात बुडालेली. मग गाव राखायचं काम तरुण पोरांनी आपणहून अंगावर घेतलं.

त्यांचा म्होरक्या होता हैबती. शत्रू दिसला की बुरुजावरून शिंग फुंकायचं आणि सगळ्यांनी डोंगरातल्या गुहेत जायचं, असं ठरलं. बुरुजावर उभं राहायला जो तो तयार. मिसरूड फुटलं नव्हतं, पण ऐट विचारू नका!

अमावास्येला त्यांनी शिंग वाजवून पाहिलं. सारा गाव गुहेत हजर! पाटलांनी पोरांची पाठ थोपटली.

त्यांच्यातच भागू नावाची एक चौकस मुलगी होती. ती म्हणाली, "हैबतीदादा, अमावास्येला आपले माग बंद असतात. ते चालू असताना शिंग ऐकू येईल का रे?"

पोरं हसली. "झाल्या हिच्या शंका सुरू!"

हैबतीलाही राग आला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याने जीव खाऊन शिंग फुंकलं. कुणीच बाहेर आलं नाही. तो धावत घरी गेला. त्याला दारात पाहून आईने माग थांबवला.

"एवढा घामाघूम का रे?"

"आई, शिंग ऐकलंस?"

"कधी वाजवलंस?"

आईला काहीच ऐकू गेलं नव्हतं. शत्रू खरंच आला असता तर?

त्याने शिंग पायाने अधू पण दमदार छातीच्या एका सोबत्याला दिलं. बाकीच्यांना एकेक गल्ली वाटून दिली. शिंग कुठवर ऐकू येतं ते भागूने गावभर हिंडून पाहिलं आणि तिथेच पोरांना बसवलं. शिंग वाजलं की धावायचं, दारोदार जाऊन माग थांबवायचे, म्हाताऱ्यांना हात द्यायचा.

"गल्लीत बसून कसली शूरता?" कुणीतरी कुरकुरलं. हैबतीने सर्वांत लांबची गल्ली स्वतः घेतली.

थोड्याच दिवसांत शत्रू आला. भर दुपारी, सगळे माग चालू असताना. गल्ल्या जळाल्या, माग जळाले. गुहेत मात्र अख्खा गाव सुखरूप होता.

"आज शिंगाने गाव वाचवलं!" पाटील म्हणाले.

"कसलं शिंग?" हैबतीची आई म्हणाली. "आम्हाला तर काहीच ऐकू आलं नाही. दारात पोरं दिसली, म्हणून उठलो."

इतक्यात भागूने विचारलं, "गुहेतलं पाणी किती दिवस पुरेल?"

या वेळी कुणी हसलं नाही. हैबती हंडा घेऊन उठला.

तात्पर्य: आपण मदत केली एवढ्यावर समाधान मानू नये, ती पोचली का, हे दारात जाऊन पाहावं.