दाबलेली शिंक

एकदा एका वैद्यराजांकडे दोन शिष्य शिकत होते. थोरला सात वर्षांपासून होता. औषधं कुटून त्याच्या हातांना घट्टे पडले होते आणि शास्त्रातली पानंच्या पानं त्याला मुखोद्गत होती. धाकटा पंचविशीतला, एका अत्तरवाल्याचा मुलगा, येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याचं पाठांतर यथातथाच. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नसे. पण नाक! डोळे बांधून मुळीचा तुकडा समोर धरला, तरी तो तिचं नाव सांगे आणि ती यंदाची की गेल्या सालची, हेही सांगे.

एके दिवशी वैद्यराज कौतुकानं बोलून गेले, “नाक असावं तर असं!”

बोलणारा बोलून विसरला. थोरल्याच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा झाली की वैद्यराज औषधांच्या कोठीची किल्ली दोघांपैकी एकाला देणार होते. ज्याच्या हाती कोठी तोच पुढचा वैद्य, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सात वर्षं थोरल्यानं ती किल्ली मनातल्या मनात कमरेला लावूनही टाकली होती. आता तिच्या आड एक नाक आलं होतं.

नेमकी त्याच दिवसांत थोरल्याला सर्दी झाली. ओढ्याकाठी मुळ्या खणताना तो भिजला होता. सर्दी काय, कुणालाही होते. पण ती कळली तर वास घेण्याची सगळी कामं धाकट्याकडे जातील, या धसक्यानं त्यानं ती लपवायचं ठरवलं. शिंक आली की नाक चिमटीत धरून दाबायची. वाहू लागलं की आत ओढायचं. वर चेहरा असा ठेवायचा, की जणू नाकाशी आपला काही संबंधच नाही.

दहा दिवसांत सर्दी कपाळात जाऊन बसली. आज आपण ज्याला सायनस म्हणतो, त्याला ते लोक पीनस म्हणत. भुवयांच्या वर ठणका लागला. गालांची हाडं दुखू लागली, वरचे दात कळा मारू लागले. खाली वाकावं तर कपाळात दगड घरंगळल्यासारखं होई. वास तर पार गेला. रात्री कूस बदलताना त्याला कळ यायची आणि शेजारी धाकटा शांत श्वास घेत झोपलेला दिसायचा. त्या श्वासाचाही त्याला हेवा वाटे.

एका सकाळी एक व्यापारी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तिच्या नाकात घालायचं तेल थोरल्यानं बरणीतून वाटीत काढलं. धाकटा जवळून जाताना थबकला.

“दादा, हे तेल खवट झालंय. देऊ नका.”

“तुझ्याआधी सहा वर्षं मी ही बरणी हाताळतोय,” थोरला उसळला. “कुणी नाकाचं कौतुक केलं म्हणून जिथे तिथे ते खुपसू नकोस!”

आवाज ऐकून वैद्यराज बाहेर आले. त्यांनी वाटी हुंगली आणि तेल परसात ओतलं. म्हातारीला दुसऱ्या बरणीतलं तेल स्वतःच्या हातानं दिलं. मग थोरल्याचं कपाळ अंगठ्यानं जरासं दाबलं. तो कळवळला.

“याला तू बरं करायचंस,” ते धाकट्याला म्हणाले. “मी हात लावणार नाही. आणि तू,” ते थोरल्याकडे वळले, “रोज उपचाराआधी कुठे किती दुखतं, ते याला तोंडानं सांगायचंस.”

थोरल्याला वाटलं, याहून किल्ली त्याच्या कमरेला बांधून मला घालवून दिलं असतं तरी बरं. गुरू इतके निष्ठुर कसे झाले?

उपचार सुरू झाले. ओवा आणि तुळशीचा वाफारा, खायला ऊन ऊन पेज, कपाळाला शेक. धाकटा रोज विचारी, “आज कसं आहे, दादा?” थोरला भिंतीकडे बघून म्हणे, “बरं आहे.” चौथ्या दिवशी धाकट्यानं त्याला मान मागे टाकून निजवलं आणि दोन्ही नाकपुड्यांत कोमट तेलाचे थेंब सोडले. थोड्याच वेळात थोरल्याला जबरदस्त शिंक आली. सवयीनं त्याचा हात नाकाकडे गेला. धाकट्यानं तो घट्ट धरला.

“दाबू नका, दादा! येऊ द्या!”

एकामागून एक सात-आठ शिंका आल्या. कपाळात साचलेलं सारं सुटलं, आणि त्याबरोबर त्याचा बांधही फुटला.

“मला कसलाच वास येत नाही रे,” तो भरल्या डोळ्यांनी म्हणाला. “कितीतरी दिवस झाले. किल्ली तुला जाईल म्हणून बोललो नाही. तुझा फार मत्सर केला मी.”

धाकट्यानं तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, “आणि मी रोज तुमचं पाठांतर ऐकून जळायचो, ते कुणाला सांगू?”

दारात वैद्यराज उभे होते. “पाठांतरावरून आठवलं,” ते म्हणाले. “शरीराच्या ज्या ऊर्मी, जे वेग, कधी अडवू नयेत, ते म्हण पाहू.”

थोरल्याला झोपेतही येणारा पाठ तो. “मूत्र, मळ, पोटातला वारा, ओकारी, शिंक...” तो अडखळला.

“असू दे. आता मनाचे जे वेग अडवलेच पाहिजेत, ते म्हण.”

“लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, ईर्ष्या...” त्या शब्दावर येताच त्यानं धाकट्याकडे पाहिलं.

“दोन्ही याद्या तुला तोंडपाठ होत्या,” वैद्यराज सौम्यपणे म्हणाले. “तू फक्त त्यांची अदलाबदल केलीस. शिंकेला कोंडलंस आणि ईर्ष्येला मोकळं सोडलंस. कपाळ आज ना उद्या मीही मोकळं केलं असतं. पण ज्याच्यापासून तू दुखणं लपवत होतास, त्याला ते सांगितल्यावाचून तुझा दुसरा वेग आवरला नसता.”

धनत्रयोदशीला पूजा आटोपली. थोरला मागच्या रांगेत, दाराजवळ बसला होता. वैद्यराजांनी हाक मारली ती त्यालाच, आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

“गुरुजी, नाक तर याचं आहे,” तो चाचरत म्हणाला.

“त्याचं नाक तुझ्याबरोबर कोठीत येईलच. पण कोठी ज्याच्या हाती, त्याला एक वाक्य म्हणता आलं पाहिजे: ‘मला वास येत नाही.’ ते तू म्हणालास.”

थोरल्यानं कोठी उघडली. वेखंड, सुंठ, हिरडा, सारे वास एकदम अंगावर आले आणि त्याचे डोळे पाणावले. त्यानं तेलाची पहिली बरणी उचलली, नाकाशी नेली, आणि मग धाकट्यापुढे धरली.

“मला चांगलं वाटतंय,” तो म्हणाला. “तू बघ बरं.”